मुनेश्वर सरांचा आवाज

आमच्या आर्णीत बसस्टँडवर कुणाला गोल्फबद्दल विचारलंत तर तो म्हणेल, "काय असते बाप्पा ते? खायाचं असते का?" त्याला हसायचा मला अधिकार नाही. टीव्हीवर चॅनल बदलताना अर्धा मिनिट दिसणारा, पांढऱ्या टोप्यांचा आणि भरपूर गवताचा खेळ, यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं. आणि तो खेळ खेळलेला, एकेकाळी भल्याभल्यांना पाणी पाजलेला माणूस माझ्या शेजारच्या घरात राहत होता. एका स्टाफरूममध्ये आम्ही चहा पीत होतो. पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. देवमन मुनेश्वर सर. आमच्या शाळेचे पीटीचे सर. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

शाळेचे शिपाई गुलाबराव टेकाम यांचा डावा डोळा सरांनी मारलेल्या बॉलने गेला होता. त्या दिवसापासून सरांनी तो खेळ सोडला. अठ्ठावीस वर्षांनी गुलाबरावांचा उजवा डोळाही जायला निघाला, आणि तो जायच्या आत त्यांना सरांचा एक शॉट पाहायचा होता. सर काही तयार होईनात. त्या दोन हट्टी म्हाताऱ्यांमध्ये माझं काम नुसतं स्कूटी चालवायचं होतं. पण पाहिलं मीच, म्हणून सांगते.

सरांची मला पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजाची, आणि खरं सांगते, मला तो आवाज अजिबात आवडला नव्हता. मी इतिहास शिकवायची. माझा वर्ग मैदानाच्या बाजूला. मी पानिपताशी आले की बाहेर "साव-धान!" सगळी पोरं खिडकीकडे. सरांकडे शिट्टी नव्हती. पीटीचा मास्तर आणि शिट्टी नाही! दोनदा शाळेने आणून दिली, दोन्ही वेळा त्यांनी ती ऑफिसच्या खिळ्याला टांगून ठेवली. स्वतः ओरडायचे ते ओरडायचे, वर पोरांनाही ओरडायला लावायचे. गोळा फेकायच्या आधी ओरडायचं. थाळी फेकायच्या आधी ओरडायचं. साधा चेंडू लांब टाकायचा तरी आधी "हो-ओ-ओ!" ज्याचा आवाज निघाला नाही त्याच्या हातात वस्तू मिळायची नाही.

सातवीत एक मुलगी होती, पायल नावाची. हजेरी घेताना तिचा "हजर" मला ओठांवरून वाचावा लागायचा. सरांनी तिला मैदानाच्या त्या टोकाला उभं केलं आणि स्वतः या टोकाला उभे राहिले. "नाव सांग! नाई ऐकू आलं! पोटातून काढ!" पोरगी रडकुंडीला आली. मी तावातावाने बाहेर गेले आणि म्हटलं, "सर, काय छळ लावलाय हो लेकराचा? तिला नाही जमत ओरडायला." सरांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मिस्कील माणूस, पण त्या दिवशी चेहऱ्यावर हसू नव्हतं. म्हणाले, "मॅडम, जमत नाई म्हून तं शिकवून राह्यलो. ज्या दिवशी काम पडन त्या दिवशी शिकून होत नाई." तीन आठवडे लागले. मग एका दुपारी "पायल-अ-अ!" असा आवाज आला की माझ्या हातातला खडू खाली पडला. सरांनी तिला काही शाबासकी वगैरे दिली नाही. मान डोलावली आणि गोळा तिच्या हातात दिला.

दुसरी त्यांची खोड म्हणजे चूक ज्याची त्यानेच सांगायची. कबड्डीत रेषेबाहेर पाय गेला तर पंचाने पाहिलं असो नसो, आपण हात वर करायचा. ढाणकीला सामने होते तेव्हा आमचा सगळ्यात चांगला गडी शेवटच्या मिनिटाला असाच हात वर करून बाहेर निघाला. पंच म्हणाला, मी पाहिलंच नाही. गडी म्हणाला, मी पाहिलं. हरलो आम्ही एका गुणाने. हेडमास्तर इतके भडकले की परतताना बसमध्ये कुणाशी बोलले नाहीत. सर मात्र आर्णी येईपर्यंत उभे, आणि त्यांच्या जागेवर तो गडी खिडकीशी बसलेला. त्याला सांगत होते, "झोप आता. आज तुले झोप चांगली लागन."

आणि तिसरं, जे मला फार उशिरा कळलं. सर आणि गुलाबराव रोज शाळा सुटल्यावर सोबत घरी जायचे. दोघांचं अरे-तुरे. सर कायम गुलाबरावांच्या डाव्या हाताला चालायचे. रस्त्यात ट्रक आला, ढोरं आली, कुणी मध्ये घुसलं तरी सर वळसा घालून परत डावीकडे. गुलाबरावांचा डावा डोळा नाही, काळा चष्मा लावतात, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. पोरं विचारायची, "काका, डोळ्याले काय झालं?" तर ते म्हणायचे, "खेळता खेळता गेला," आणि घंटेचा टोल द्यायला उठायचे.

हे सगळं मला जोडून दिलं ते वानरांनी. सर रिटायर झाल्यावरची गोष्ट. उन्हाळ्यात वानरांची टोळी आमच्या आळीत उतरली आणि सरांच्या मिसेस कमलताई गच्चीवर एक लोखंडी काठी घेऊन उभ्या. खाली चपटं वाकडं डोकं असलेली, वर चामड्याची मूठ असलेली. मी म्हटलं, "अगबाई, हे काय हो?"

"आमच्या ह्यायची हाये. माळ्यावर पोत्यात पडून होती इतके वर्ष. वानराले बरी पुरते."

तेवढ्यात सर वर आले. काठी पाहिली. वानर गच्चीच्या कठड्यावर, कमलताई आ वासून, आणि सर त्यांच्या हातातून ती काठी घेऊन, शर्टाच्या टोकाने पुसत, जिना उतरून गेले. मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी कमलताईंसोबत तूर निवडायला बसले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

यवतमाळला पूर्वी साहेबलोकांचा एक क्लब होता. त्याच्या मागे नऊ भोकांचं मैदान. आता तिथे प्लॉट पडलेत. आपल्याकडच्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला? भोकाभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून, रोलर फिरवून काळपट गोल केलेला असायचा, त्याला ब्राउन म्हणायचे. सरांचे वडील तिथे माळी. गुलाबरावांचे वडीलही तिथेच. दोन्ही पोरांना एकच धडा होता: मैदानावर तोंड उघडायचं नाही. साहेब बॉलवर वाकला की खोकला आला तरी गिळायचा. सरांनी त्यासाठी कानफटात खाल्लेली. सोमवारी क्लब बंद, तेव्हा नोकरमंडळी साहेबांच्या टाकून दिलेल्या काठ्या घेऊन खेळायची. त्यात देवमन निघाला सगळ्यांचा बाप. तो मारायचा आणि गुलाब पुढे जाऊन उभा राहायचा, बॉल कुठे पडतो ते पाहायला. त्याला म्हणतात आगेवाला. मारणारा लांब असतो, त्याला दिसत नाही. आगेवाल्याने बोट दाखवलं तिथे जाऊन शोधायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. गुलाबचं बोट कधी चुकलं नाही म्हणतात.

पुढे देवमन शिकला, आर्णीला मास्तर झाला. रविवारी एसटीने यवतमाळला जायचा. एका रविवारी एका साहेबाचा जोडीदार आला नाही. साहेब भला होता. म्हणाला, मास्तर, आज तुम्ही खेळा माझ्यासोबत. माळ्याचा पोरगा रविवारी खेळला! मग दर रविवारचं बोलावणं सुरू झालं.

असाच एक रविवार. सरांनी बॉल मारला आणि तो उजवीकडे वाकडा सुटला. तिकडे गुलाबराव उभे. अशा वेळी मारणाऱ्याने जिवाच्या आकांताने "फोर!" म्हणून ओरडायचं असतं, पुढचा माणूस खाली वाकतो, वाचतो. का "फोर", देव जाणे. सरांनी तोंड उघडलं. पण बाजूच्याच ब्राउनवर दुसरे एक साहेब बॉलवर वाकलेले होते. सरांचा आवाज निघाला नाही. सावधान म्हटलं की आर्णीच्या बाजारातली बकरी थांबायची, तो आवाज. घशातच राहिला.

बॉल गुलाबरावांच्या डाव्या डोळ्यावर बसला. सरांनी त्यांना नागपूरला नेलं. डोळा वाचला नाही. त्यानंतर सरांनी काठ्या पोत्यात बांधल्या, आणि आमच्या हेडमास्तरांच्या दारात रोज सकाळी जाऊन उभे राहिले, गुलाबरावांना शिपायाची जागा मिळेपर्यंत. कमलताई तुरीतला खडा काढून टाकत म्हणाल्या, "त्या दिवसाबद्दल हे दोघं एकमेकाशी कधीच बोल्ले नाई. मले बी गुलाबभाऊच्या घरच्यांनी सांगितलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायलच्या वेळी मी काय काय बोलले होते त्यांना! पण सरांजवळ जाऊन माफी मागण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग ती संक्रांत. मी तिळगुळाचा डबा घेऊन सरांकडे गेले होते. गुलाबराव आले. यवतमाळच्या डॉक्टरांकडून सरळ तिथेच आले असावेत, हातात फाइल होती. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"काचबिंदू हाये म्हणते. जे गेलं ते वापस नाई येत. नळीतून पायल्यासारखं दिसून राह्यलं आता. राह्यलं ते बी जाईन म्हणते."

"कधी?" सरांनी विचारलं.

"तारीख थोडी सांगते ते!"

"नागपूरले जाऊ. उद्याच."

"जाऊ ना. पन मास्तर, त्याच्या पयले एक शॉट मार. मले पायाचा हाये."

"नाई."

"काहून?"

"नाई म्हनलं ना. हात थरथरते आता."

"मले तुये हात नाई पायाचे. बॉल पायाचा हाये." मग गुलाबरावांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी येतानी पायला मी त्याले. दोन डोळ्यानं पायलेली माही आखरी चीज तेच होये. अठ्ठावीस वर्ष झाले, डोळा मिटला का तो बॉल येऊनच राह्यला. आता एक जातानी पाऊ दे ना बे."

सर उठून आत गेले. गुलाबराव निघून गेले. मी तिळगुळाचा डबा धरून तशीच. माझा राग तुम्हाला माहीत नाही. मी सरळ आत गेले. सर पलंगावर बसलेले. म्हटलं, "सर, तो माणूस काय जमीन मागतोय का तुम्हाला?"

ते म्हणाले, "मॅडम, त्या खेळात हरेक चुकीले दंड लिहून हाये. बॉल हारपला, दंड. पान्यात गेला, दंड. या चुकीचा दंड पुस्तकात नाई. म्हून मीच लिहून घेतला."

"लिहिलात तुम्ही, आणि भरायचा गुलाबरावांनी?"

बोलून गेले, आणि जीभ चावली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला ना, तोंडाला कुलूप लावायला पाहिजे.

पण दोन दिवसांनी पहाटे फिरायला गेले तर शाळेच्या मैदानावर सर दिसले. हातात काही नाही. पाय रोवून, दोन्ही मुठी जुळवून, कमरेत वळायचे, खांद्यापर्यंत हात न्यायचे आणि थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून. खाली आणतच नव्हते हात. मी मागच्या मागे वळले. नागपूरलाही जाऊन आले दोघं. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. थेंब दिले, टाकत राहा म्हणाले.

उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस घरी आला. सरांच्या साळ्याचं वावर गावाबाहेर आहे. कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटून तिचे ढीग लावलेले, जमीन मोकळी. एका सकाळी सर माझ्या दारात आले. बगलेत कापडात गुंडाळलेली काठी. म्हणाले, "मॅडम, गुलाब्याले स्कूटीवर घेता का? मी सायकलनं येतो."

वावरात पोचलो आणि भांडण सुरू. सर म्हणाले, गुलाब, माह्या मांगं उभा राय. गुलाबराव म्हणाले, "आगेवाला मांगं उभा राहते का कधी?"

"तुले बॉल पायाचा हाये का मरायचं हाये?"

"समोरूनच पायीन. नाईतं चाललो मी घरी."

"जा!"

गेले नाहीत अर्थात. मीच ओरडले, "डोकी फिरलीत का दोघांची? मला दुपारची शाळा आहे!" शेवटी ठरलं की गुलाबराव पुढे, पण बाजूला, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभे राहतील, आणि त्यांच्या डाव्या बाजूला मी. मी त्यांचा हात धरून तिथवर नेलं. हात गार होता. मी म्हटलं, "भीती वाटते का?" ते म्हणाले, "नाई तं काय. पन मास्तरले नका सांगू."

लांबून सर लहान दिसत होते. पहिल्या वेळी काठी नुसती हवेतून गेली. दुसऱ्या वेळी ढेकूळ उडालं. मग ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि मला वाटलं, संपलं, आता हा माणूस काठी गुंडाळून सायकलवर बसणार. गुलाबराव पुन्हा पुन्हा विचारत होते, "काय करून राह्यला? काय करून राह्यला?" मी म्हटलं, "उभे आहेत." "राहू द्या उभा," ते म्हणाले.

मग सर ओरडले. बॉल मारायच्या आधीच. "फो-ओ-ओ-र!" रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारला. गुलाबराव खाली वाकले, दोन्ही हात डोक्यावर, आणि तसेच वाकलेले असताना मान वर करून पाहू लागले. काठी फिरली. टक्क असा स्वच्छ आवाज आला.

आईशप्पथ, मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. बॉल आधी जमिनीलगत गेला, मग उठला, उठतच राहिला, आणि उजवीकडे विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन पडला. मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"पडला!" गुलाबराव ओरडले. त्यांचं बोट डावीकडे होतं. "तो पाय, पऱ्हाटीच्या ढिगाच्या अलीकडे, चार पावलं!"

माझे हात तसेच राहिले. कडुलिंब एकीकडे, ढीग दुसरीकडे. सर धापा टाकत येत होते. त्यांनी बॉल पाहिला होता, मला खात्री आहे, कारण तो उडाला तेव्हा त्यांची मान त्याच्यासोबत वळली होती. जवळ आले आणि म्हणाले, "कुठं पडला बे?"

"ढिगापाशी."

"चाल."

सर तिकडे चालू लागले. कडुलिंबाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दोघं वाकून शोधायला लागले. सर ढेकळं पायाने सारत होते, गुलाबराव हाताने चाचपत होते. मी काय करू? मीही वाकले. आम्ही तिघंही जिथे बॉल नाही तिथे बॉल शोधत होतो. ऊन चढायला लागलं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सर शोधायचे थांबेनात.

शेवटी गुलाबराव खाली मातीत बसले.

"मास्तर. मले नाई दिसला. नुसता आवाज आला."

"माहीत हाये."

"मंग कायले धुंडून राह्यला?"

"तू बोट दाखवलं म्हून."

गुलाबरावांनी चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले, दोन्ही. सर त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, लपवत नाही. मग सरांनी विचारलं, "किती दुरून दिसते तुले? खरं सांग."

"समोर धरलं तं दिसते. सात-आठ पावलं. सरळ."

सर उठले. कडुलिंबाखालून बॉल घेऊन आले. मातीतली सात-आठ पावलांची जागा पायाने साफ केली, गुलाबरावांना खांद्याला धरून आपल्या मागे, अगदी जवळ उभं केलं, आणि त्यांची मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली. "इथंच पाय. हलू नको." मग बॉल ठेवला आणि काठीने त्याला हलकेच मारलं. तो एवढासा उंच उडाला, एवढासा पुढे गेला, पडला, घरंगळला.

"दिसला का?"

"दिसला."

सर चालत गेले, बॉल उचलून आणला, पुन्हा ठेवला. पुन्हा मारला. "दिसला का?" "दिसला. जातानी दिसला." सर पुन्हा गेले, पुन्हा आणला. मला शाळेला उशीर होत होता. मी स्कूटी काढली आणि रस्त्यावरून वळून पाहिलं. तोवर सरांनी विचारायचं सोडून दिलं होतं. ते नुसते मारत होते आणि आणत होते. गुलाबराव मात्र दर वेळी सांगत होते, आणि मोकळ्या वावरातून ते मला रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

"दिसला, मास्तर. हा बी दिसला."